अकरा नंबरची जोडी

अकरा नंबरच्या जोडीला शंभरपैकी सहा गुण मिळाले होते, आणि अख्ख्या वर्गात बरोबर चालणारा प्रोग्राम फक्त त्याच जोडीचा होता.

हेमांगी थोरातने तो तक्ता तीनदा वर-खाली केला. आकडा काही हलला नाही. बाकीच्या तेवीस जोड्या साठ ते नव्वदच्या मध्ये आरामात बसल्या होत्या. त्यांतल्या चौदांचे प्रोग्राम सुरू होऊन मध्येच आडवे पडत होते आणि उरलेले चुकीचं उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देत होते. येरळेच्या काठावरच्या त्या तंत्रनिकेतनात हेमांगी सोळा वर्षं संगणक शिकवत होती. कोडं दिसलं की तिचा चहा गार व्हायचा, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. त्या मंगळवारीही झाला.

हे कोडं समजायचं तर आधी सासूबाई समजायला हव्यात.

सासूबाईंचं खरं नाव सहयोगदर्शक. तंत्रशिक्षण मंडळाच्या कागदांवर तेच असे. पण पोरांनी पहिल्याच आठवड्यात बारसं करून टाकलं, कारण ते यंत्र सतत बघायचं, सगळं लक्षात ठेवायचं, तोंडाने काही बोलायचं नाही आणि थेट निकालात दाखवायचं. त्याची गरज पडली ती परीक्षेतला जीवच गेला म्हणून. कुठलाही प्रोग्राम साध्या मराठीत सांगितला की संगणक चहा उकळायच्या आत लिहून द्यायला लागला होता. मग उत्तराचे गुण द्यायचे कुणाला? त्याआधी फार उजेड होता असंही नाही. एका हुशार पोरीचं जर्नल वर्गभर फिरायचं आणि साठ वह्यांत तीच चूक त्याच पानावर सापडायची. शेवटी मंडळाने ठरवलं, उत्तर राहू दे बाजूला, उत्तरापर्यंत पोरं कशी पोचतात ते मोजू. बाहेर कंपन्यांनाही आता प्रोग्राम लिहिणारी माणसं नको होती. यंत्राने लिहिलेल्यात खोट कुठे आहे, हे दोघा-चौघांत डोकं लावून शोधणारी माणसं हवी होती. म्हणून इंटरनेट तोडलेली प्रयोगशाळा, एका संगणकावर दोघं आणि एक प्रश्न, अशी नवी पद्धत आली.

दोन माणसं खरोखर एकत्र विचार करत असली की त्यांची शरीरं चहाड्या करतात. एक जण बोलताना पडद्यावरच्या ज्या ओळीकडे बघतो, तिथे ऐकणाऱ्याची नजर साधारण दोन सेकंदांनी येऊन पोचते. लक्ष नसेल तर ती भलतीकडेच असते. अवघड जागा आली की दोघांच्या डोळ्यांच्या बाहुल्या जवळजवळ एकाच वेळी मोठ्या होतात. बोलण्याच्या पाळ्या पडतात, बोटांना लय येते. पडद्यावरचे दोन बारीक कॅमेरे नजर टिपायचे, मायक्रोफोन कोण किती वेळा बोललं ते मोजायचा आणि कीबोर्ड बोटांचा हिशोब द्यायचा. त्यातून सहभाग आणि सहकार्य असे दोन आकडे निघायचे आणि त्यांचा मिळून एक गुण. तो तीसच्या खाली गेला की टर्म नामंजूर. टर्म नामंजूर म्हणजे वर्ष गेलं.

हे यंत्र बनवलं होतं मिलिंद देवकुळेने. तो त्याच विभागात शिकवायचा आणि हेमांगीचा कॉलेजपासूनचा मित्र होता. तो गंभीर चेहऱ्याने तिच्या टेबलासमोर येऊन बसला.

"कॉपी आहे," तो म्हणाला.

"कुठून करतील? नेट बंद असतं."

"पाठ करून आले असतील. मला काय माहीत? पण दोन तासांत ही दोघं सातदा बोललीत. सातदा! नजर एकदाही एका जागी आलेली नाही. मुलगी खिडकीबाहेर बघते, मुलगा उठून पाणी प्यायला जातो. दीड तास कीबोर्डवर उपयोगाचं काहीही नाही, आणि शेवटच्या वीस मिनिटांत धडाधड बरोबर प्रोग्राम. तूच सांग ह्याला काय म्हणायचं."

"पण हा प्रश्न मी काढलाय, मिलिंद. माझ्या डोक्यातून. ह्याचं उत्तर पाठ करायला कुठे मिळणार?"

प्रश्न होता गावाला पाणी सोडायचा. एक टाकी, सात गल्ल्या, सात वॉल्व्ह. कुठला वॉल्व्ह कधी आणि किती वेळ उघडायचा म्हणजे सगळ्यांत उंचावरच्या गल्लीतही पाणी चढेल, ते प्रोग्रामने ठरवायचं. त्यात हेमांगीने एक खुट्टी मारून ठेवली होती. वीज गेली आणि टाकी अर्धीच भरली, तर काय? तिथे सगळे तोंडावर पडले होते. अकरा नंबरची जोडी तेवढी उभी होती.

"शुक्रवारी नामंजूर टर्मची यादी मंडळाकडे जायची आहे," मिलिंद उठता उठता म्हणाला. "उद्या नको, आजच बोलाव त्यांना."

दोघं आली. प्रज्वल लोहार उंच, काटकुळा, भाळवणीचा. सायमा अत्तार आळसंदहून एसटीने यायची. ती बोलताना अडखळायची, म्हणून वर्गात फारशी बोलायचीच नाही. तिच्या घरातून दहावीच्या पुढे शिकणारी ती पहिली. एक वर्ष जरी गेलं असतं तरी पुढच्या जूनमध्ये तिला कुणी एसटीत बसवलं नसतं, हे हेमांगीला पालक सभेतच कळलं होतं. तिच्या वडिलांनीच तसं स्पष्ट सांगितलं होतं.

"टाकी अर्धी असताना तुम्ही वॉल्व्हचा क्रम बदललाय," हेमांगीने विचारलं. "का?"

प्रज्वलने सायमाकडे बघितलं. सायमाने श्वास घेतला.

"क... क... कारण व... व..."

ती थांबली. खोलीतला पंखा कुरकुरत होता. हेमांगीचं लक्ष नकळत घड्याळाकडे गेलं.

"कारण दाब कमी होतो?" मिलिंदने मदत केली.

सायमाने मान खाली घातली आणि हलवली. पण ते हो नव्हतं.

"सर, ती येगळं सांगत हुती," प्रज्वल म्हणाला.

"मग तू सांग."

"तिचं हाय ते. ती सांगंल की."

पण सायमाने पुन्हा तोंड उघडलं नाही. दोघं गेल्यावर मिलिंदने हात झटकले. "मुलीला येत नाही आणि मुलगा झाकतोय. वाईट वाटतं, पण आहे हे असं आहे."

हेमांगीला काही ते पटेना. जो झाकतो तो बडबड करतो, हे तिने सोळा वर्षांत शेकडो तोंडी परीक्षांत पाहिलं होतं. हा पोरगा तर संधी मिळूनही गप्प बसला होता.

बुधवारी ती जर्नल तपासायचं निमित्त काढून प्रयोगशाळेत मागच्या बाकावर जाऊन बसली. समोर वर्गाचं नाटक जोरात चाललं होतं. तीन नंबरची जोडी एकमेकांना विचारत होती, "तुला काय वाटतं?" "मला तुझं पटतं." मग अदलाबदल करून पुन्हा तेच. एका मुलाने तळहातावर पेनाने 'दर मिनिटाला मान हलव' असं लिहून ठेवलं होतं आणि तो इमानाने हलवत होता. तीन नंबरच्या पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा दिसत होता, चौऱ्याऐंशी. प्रोग्रामच्या नावाने त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांतल्या दोन चुकीच्या होत्या.

अकरा नंबरवर मात्र शुकशुकाट होता. प्रज्वल दहा मिनिटं टाइप करायचा, उठायचा आणि माठाकडे जायचा. मग सायमा सरकून त्याच्या जागेवर बसायची, वाचायची, थोडं टाइप करायची आणि खिडकीबाहेरच्या चिंचेकडे बघत राहायची. तो परत आला की ती बाजूला व्हायची. एकमेकांकडे बघायलाही दोघांना फुरसत नव्हती. त्यांच्या कोपऱ्यात लाल अक्षरं होती, निष्क्रिय.

हेमांगीने कान टवकारले. कीबोर्ड चांगला खडखड वाजत होता. सायमाची बोटं बिनअडखळता पळत होती. आणि सासूबाई म्हणत होत्या, इथे काही चाललेलंच नाही.

उपयोगाचं काहीही नाही, असं मिलिंद म्हणाला होता. कुठलं टाइपिंग उपयोगाचं आणि कुठलं बिनउपयोगाचं, हे सासूबाईंना कुणी शिकवलं होतं?

तिनेच शिकवलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रोग्राममध्ये दोन तिरक्या रेघा मारून पुढे काहीही लिहिलं तर संगणक ती ओळ सोडून देतो. ती वाचणाऱ्या माणसासाठी असते. तिला कॉमेंट म्हणतात. तेव्हाच्या एका पठ्ठ्याने दोन रेघा मारून पुढे 'बटाटेवडा' हा शब्द दोन हजार वेळा टाइप केला होता आणि जोरदार सहभागाबद्दल अठ्ठ्याऐंशी गुण खिशात घातले होते. विभागात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग हेमांगीनेच मिलिंदला सुचवलं, कॉमेंटमधलं टाइपिंग मोजूच नकोस. त्याने यंत्रात एक ओळ घातली. बटाटेवडा बंद झाला आणि दोघंही ती ओळ विसरून गेली. माणसाने माणसासाठी लिहिलेलं तेवढं यंत्राने बघायचं नाही, अशी सोय तिने स्वतःच्या हाताने करून ठेवली होती.

तास संपताच ती आपल्या खोलीत आली. प्रयोगशाळेचा संगणक फाइल सेव्ह केली की तिची एक प्रत ठेवायचा. दाखल केलेला प्रोग्राम स्वच्छ होता. आधीच्या प्रती उघडल्या आणि तिने खुर्ची पुढे ओढली. इंग्रजी अक्षरांत पण चक्क मराठीत, रेघांमागून रेघा भरलेल्या होत्या.

// पहिला वॉल्व्ह वरच्या गल्लीचा ठेव.

// का?

// सगळ्यात उंच तीच. टाकी भरलेली असतानाच तिकडं पाणी चढणार.

// आणि लाईट गेली तर? अर्ध्या टाकीला काय करायचं?

// आमचं घर वरच्याच गल्लीत आहे. अर्ध्या टाकीला काय होतं ते मला नको सांगू.

// मग क्रम उलटा करू. आधी खालच्या.

// म्हणजे आम्ही कायमचे कोरडे. थांब. विचार करते.

ह्यापुढची प्रत अकरा मिनिटांनंतरची होती. ती अकरा मिनिटं म्हणजे खिडकी आणि चिंच.

// खालचे सगळे बंद. वरची एकटी सोड, पण थोडाच वेळ. मग खालच्या दोन-दोन. पाइपात दुसरं कुणी ओढायला नसलं की अर्धी टाकी पण पुरते.

// बाई, तू थोर आहेस.

// बाई म्हणू नको. ओळ ४२ मध्ये माती खाल्लीस ती निस्तर.

हेमांगी वाचत गेली. भांडणं होती, टोमणे होते, एकमेकांच्या चुका शोधल्याचा आनंद होता. एकाने विचार अर्धवट सोडायचा, दुसऱ्याने उचलायचा. शंभर ओळींचा प्रोग्राम आणि चारशे ओळींच्या गप्पा! आणि तास संपायच्या आत त्या सगळ्या पुसून टाकायच्या, कारण जर्नलच्या नियमात लिहिलं होतं, प्रोग्राम नीटनेटका असावा. आजच्या प्रतीत एक ओळ होती:

// थोरात मॅडम मागं बसल्यात. जर्नल उलटं धरलंय.

ती एकटीच मोठ्याने हसली. मग त्याच्या खालची ओळ वाचली.

// काल सरांनी माझं वाक्य पळवलं.

// मी थांबलो होतो.

// माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी बोलते.

हेमांगीचं हसू गेलं. काल ती स्वतः घड्याळाकडे बघत होती. तिला लाज वाटली, आणि दुसऱ्याचं खाजगी वाचून लाज वाटण्याची ही वेळ जरा उशिराच आली, हेही तिला कळलं.

गुरुवारी सकाळी तिने दोघांना बोलावलं आणि आडवळण न घेता सांगून टाकलं.

सायमाचा चेहरा लालबुंद झाला. ह्या वेळी हेमांगी थांबली. बराच वेळ लागला.

"तु... तुम्ही आ... आमचं वाचलंत."

"हो."

"न वि... विचारता."

"हो. चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

"मॅडम, पर आमी पास हुतोय न्हवं?" प्रज्वलने मधला मार्ग काढला.

"त्यासाठी हे देवकुळे सरांना दाखवावं लागेल. मग यंत्र कॉमेंट वाचायला लागेल. तुमच्याच नाही, सगळ्यांच्या. ह्याच कॉलेजात नाही, सगळीकडे." हेमांगीने यादी त्यांच्यापुढे ठेवली. "तुम्ही नको म्हणालात तर मी दाखवणार नाही. पण मग यादीतून तुमची नावं काढायला माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. उद्या शुक्रवार आहे."

दुसरा पुरावा नाही, हे तिला तेव्हा अगदी खरं वाटत होतं.

सायमा जमिनीकडे बघत राहिली. ती आळसंदच्या एसटीचा विचार करत असणार, असं हेमांगीला वाटलं. शेवटी सायमा एकच शब्द बोलली, आणि तो न अडखळता आला.

"दाखवा."

मिलिंदने त्या प्रती वाचल्या आणि खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालायला लागला. माणूस प्रामाणिक होता. आपलं यंत्र चुकलं ह्याचं दुःख त्याला जेमतेम अर्धा मिनिट झालं. त्यानंतर नुसती उत्सुकता.

"अगं, म्हणजे नजर एकत्र नाही, वेळ एकत्र नाही आणि तरी विचार एकत्र! एक जण बोलतो आणि दुसरा दहा मिनिटांनी ऐकतो. मी दोन सेकंदांत शोधत बसलो होतो!"

त्याने हेमांगीची ती जुनी ओळ काढून टाकली आणि बटाटेवड्यासारखी पुनरावृत्ती ओळखणारी नवी चाळणी बसवली. यंत्र पुन्हा चालवलं. अकरा नंबरच्या पुढे सहाचे त्र्याण्णव झाले. शुक्रवारच्या यादीत ती दोन नावं नव्हती. सोमवारपर्यंत ही सुधारणा मंडळाच्या सगळ्या तंत्रनिकेतनांत पोचली.

"आता काही सुटणार नाही," मिलिंद अभिमानाने म्हणाला.

हेमांगीला हायसं वाटलं. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

पोरांना बातमी कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून कॉमेंटना पूर आला.

// वा मित्रा! किती सुंदर विचार!

// धन्यवाद! तुझ्या प्रश्नामुळेच मला हे सुचलं!

// चल, आता आपण दोघं मिळून पुढची पायरी पाहू!

एकसारख्या ओळी यंत्राला चालत नाहीत म्हटल्यावर पोरांनी कौतुकाचे शंभर नमुने बनवून आपापसांत वाटले. ज्यांना प्रोग्राम लिहिता येत नव्हता त्यांचं मराठी मात्र सुधारलं, एवढं मान्य करायला हवं. तीन आठवड्यांत वर्गाची सरासरी एक्क्याण्णववर गेली.

पुढची परीक्षा दवाखान्यातल्या रांगेवर होती. कुणाला आधी आत सोडायचं, आणि मध्येच अपघाताचा रुग्ण आला तर रांग कशी हलवायची. ह्या वेळी तीन जोड्यांचे प्रोग्राम बरोबर चालले. त्यात अकरा नंबर होता, आणि त्याच्यापुढे गुण होते नऊ.

हेमांगीने घाईघाईने प्रती उघडल्या. एकही कॉमेंट नव्हती. पहिल्या प्रतीपासून शेवटच्या प्रतीपर्यंत कोरा करकरीत प्रोग्राम, आणि तो प्रत्येक प्रतीत थोडा थोडा शहाणा होत गेलेला. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगत होतं, एवढं स्पष्ट दिसत होतं. कुठे आणि कसं, ते मात्र दिसत नव्हतं.

मिलिंद धापा टाकत आला. त्यानेही पाहिलं होतं.

"आता कुठं बोलतायत गं ही? माऊस बघितलास? मला वाटतं माऊस थरथरवून काहीतरी चाललंय. किंवा बाकावर बोटं. किंवा एखादी चूक मुद्दाम ठेवायची आणि दुसऱ्याने ती वाचायची! मी टेबलाखाली एक सेन्सर लावतो. दोन दिवस दे मला फक्त."

त्याचे डोळे चमकत होते. हेमांगीचेही चमकत असणार. मुद्दाम ठेवलेली चूक, ही कल्पना तर फारच गोड होती. तसं असेल तर कुठल्या प्रतीत शोधायचं, हेही तिच्या डोक्यात तयार झालं होतं. फाइल समोर उघडी होती. शोधायला दुपार पुरली असती.

पण मग पुढचं सगळं तिला दिसायला लागलं. त्यांना ते सापडणार. यंत्र ते मोजायला लागणार. पुढच्या सोमवारी हजारो पोरं मुद्दाम चुका ठेवतील किंवा बाकावर बोटं वाजवतील, आणि ही दोघं तिथूनही उठून आणखी कुठेतरी जातील. एक दिवस जायला जागाच उरणार नाही. तेव्हा सायमा पुन्हा वर्गात गप्प बसलेली असेल.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"शोधायला नको."

मिलिंद तिच्याकडे बघतच राहिला. "तू नको म्हणतेस? तू? अगं, गेल्या वर्षी प्रिंटर का कुरकुरतो म्हणून तू तो सगळा उघडून बसली होतीस."

"प्रिंटरला काही वाटत नव्हतं."

"आणि गुण? नऊ आलेत. तीसच्या खाली टर्म जाते. परत सगळं तिथंच आलं की नाही?"

"तू ये माझ्याबरोबर. मध्ये बोलायचं नाही एवढीच अट."

तिने दोघांना आपल्या खोलीत बसवलं. कॅमेरे नव्हते, संगणकही बंद ठेवला होता. एक कोरा कागद आणि पेन्सिल. "रांगेचा प्रश्न तोच," ती म्हणाली, "पण आता डॉक्टर दोन आहेत, आणि त्यांतला एक मधेच ऑपरेशनला निघून जातो. तुमच्या प्रोग्राममध्ये काय बदलाल? मला घाई नाही."

प्रज्वलने एक चौकट काढली. सायमाने त्याच्या हातातून पेन्सिल घेऊन ती खोडली आणि दुसरी काढली. त्याने भुवया उंचावल्या. तिने बोट ठेवून काहीतरी दाखवलं. मग ती सांगायला लागली.

तिला वेळ लागला. एकेका शब्दाशी ती झगडत होती. प्रज्वल आपल्या चपलेकडे बघत निवांत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर दया नव्हती की अवघडलेपण नव्हतं. बस येईपर्यंत माणूस बसतो, तसा तो बसला होता. दाराशी मिलिंदने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. हेमांगीला वाटलं होतं की थांबणं कठीण जाईल. पण दहा मिनिटांनी ती वेळ विसरून गेली, कारण मुलगी जे सांगत होती ते फार चांगलं होतं. एका जागी सायमा चुकली. प्रज्वलने कागदावर नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. तिने त्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. चाळीस मिनिटांनी उत्तर बरोबर आलं.

"जा आता," हेमांगी म्हणाली. "छान केलंत."

दाराशी जाऊन सायमा वळली. "मॅडम, तु... तुम्हाला वि... विचारायचं नाही? आ... आम्ही कसं..."

हेमांगीच्या ओठांवर प्रश्न आलाच होता.

"नाही," ती म्हणाली.

सायमा पहिल्यांदाच तिच्याकडे बघून मोकळं हसली. दोघं जिना उतरून गेली.

यंत्राचे गुण शिक्षकाला बदलता येत होते, पण त्यासाठी मंडळाचा एक अर्ज भरावा लागे. हेमांगीने तो उघडला. गुणांच्या रकान्यात तिने नव्वद लिहिले. त्याखाली सक्तीचा रकाना होता: जोडी कोणत्या पद्धतीने सहकार्य करते ते स्पष्ट करा. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं: 'दोघं मिळून विचार करतात. हे मी आणि प्रा. देवकुळे ह्यांनी समक्ष पाहिलं. एरवी ती एकमेकांशी कसं बोलतात ते मला माहीत नाही. मी शोधणार नाही.'

मिलिंदने तिच्या खांद्यावरून वाचलं. "मंडळ नोटीस पाठवेल. माहीत नाही, असं कुणी अर्जात लिहितं का?"

"पाठवू दे. जाऊन समोर सांगेन. त्यांच्यापुढेही ह्या दोघांना कागद-पेन्सिल देऊन बसवीन. थांबायची तयारी ठेवा म्हणावं."

साक्षीदार म्हणून खाली त्याची सही लागणार होती. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि पुन्हा थबकला.

"हेमा, ते माऊसचंच असणार. नाहीतर ती चूक. एवढंच मला कळलं असतं तर... आयुष्यभर रुखरुख राहील बघ."

"मलाही राहील," हेमांगी म्हणाली, आणि तिने आधी सही केली.